मागच्या व्हरांड्यातली दोन ताटं

द्वारकाताई,

तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस, म्हणून हे आधी सांगते. करकंबच्या ओढ्याकाठी ऊन चढेपर्यंत आम्ही उभे होतो. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या बाभळीवर बसले होते की. पिंडाकडे बघायचे, मान वाकडी करायचे आणि पुन्हा गप्प. तुझा भाऊ महादेव हात जोडून एकेक गोष्ट कबूल करायला लागला. आईला अंतर देणार नाही. धाकटीला शाळेतून काढणार नाही. भावजय म्हणाली, तुमच्या पेटीला कुणी हात लावणार नाही. कावळे ढिम्म. मग कुणीतरी म्हणालं की बाईचा जीव दवाखान्यात अडकला असेल, आणि सगळे माझ्याकडे वळले. तुझे चुलते म्हणाले, "तुमी बोला बाई. तुमाला ठावं असंल तिच्या मनातलं."

मला ठाऊक होतं. हॉस्पिटलात समाजसेविका म्हणून माझी नेमणूकच मुळी बोलण्यासाठी आहे. रोग्याच्या घरची माहिती काढा, नातलगांची समजूत घाला, अर्ज लिहा, साहेबांच्या दारात उभ्या राहा. तरी मी दातखीळ बसल्यासारखी उभी राहिले. कारण ते सगळे मिळून जे करत होते, तेच तू तुझ्या वॉर्डात कधी कुणाला करू दिलं नव्हतंस. न जेवणाऱ्यापुढे हात जोडायचे नाहीत, आमिष दाखवायचं नाही, शपथ घालायची नाही. आणि तुझ्याच घासासाठी सगळं गाव गयावया करत होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घराकडे निघाले. महादेव मात्र तिथेच बसून राहिला. आक्का उपाशी गेली, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्याला काय सांगू? उपाशी तर तू गेलीसच. बायकांच्या वॉर्डाची सिस्टर, अर्ध्या जिल्ह्याला जेवू घातलेली, आणि कावीळ झाल्यावर तुला अन्नाचा वास सोसेना. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी मऊ भात करून आणला, उसाचा रस आणला, लाह्या आणल्या. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. आणि मी, तुझे नियम तोंडपाठ असलेली, वाटी घेऊन खाटेशी बसले आणि म्हणाले, ताई एक घास, माझ्यासाठी एक घास. तू डोळे न उघडता म्हणालीस, "इंदे, तू जेव. मी न्हाय बगत."

मला राग आला. एवढ्या दुखण्यात तरी थट्टा करू नये माणसानं. त्यानंतर तू नीट शुद्धीवर आली नाहीस. ती थट्टा होती की आणखी काही, हे विचारायचं राहूनच गेलं.

ते वाक्य मी तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं ते माझं मूल गेलं तेव्हा. जन्मलं आणि रडलंच नाही. कुर्डुवाडीला नवऱ्यापाशी काही दिवस काढले, त्याची रेल्वेच्या कारखान्यातली नोकरी, माझी इथली. रजा संपली म्हणून सोलापूरच्या भाड्याच्या खोलीत परत आले. मग डबे सुरू झाले. घरमालकीण, शेजारणी, ऑफिसातल्या बाया. खा गं, असं करून कसं चालेल, वय आहे अजून, पुन्हा होईल. मी डबे जसेच्या तसे परत धाडायचे. एका संध्याकाळी तू आलीस. आपली धड ओळखही नव्हती. पिशवीतून तू दोन ताटल्या काढल्यास, दोन्हींत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा वाढलास, एक माझ्यापुढे सरकवलीस आणि माझ्याकडे पाठ करून बसलीस. म्हणालीस, "जेव न्हायतर नगं जेवू. मी न्हाय बगत."

आणि स्वतः कडाकडा भाकरी मोडत जेवायला लागलीस. करकंबच्या तुमच्या म्हशीनं लग्नाच्या मांडवात शिरून नवरदेवाचं बाशिंग कसं खाल्लं, ती गोष्ट तू भिंतीला सांगत होतीस. मी मनात म्हटलं, काय बाई आहे ही, सांत्वनाला येते आणि स्वतःच हादडून जाते. तू तुझी ताटली धुतलीस, माझी तिथेच ठेवलीस आणि आलीस तशी निघून गेलीस. तू जिना उतरल्यावर मी ती भाकरी खाल्ली. रडत खाल्ली, चटणीनं तोंड भाजलं तरी खाल्ली. हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही. आज सांगते. मी जगले ती त्या भाकरीवर.

आपल्या हॉस्पिटलात कशाकशाला जागा होती. क्षयाला वॉर्ड होता, बाळंतिणींना होता, भाजलेल्या बायकांना एक कोपरा होता, पटकीची साथ आली तर पटांगणात तंबू पडायचे. अन्न समोर असून न जेवणाऱ्या मुलीला मात्र कुठे ठेवायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आधी यायची बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे, कारण पाळी बंद झाली की मगच आया घाबरतात. लोक काहीबाही बोलायच्या आत तपासा, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथे काही नाही म्हटल्यावर क्षयाची तपासणी. छातीचा फोटो स्वच्छ निघाला की जंताचं औषध. मग टॉनिकची बाटली आणि सल्ला, लग्न करून टाका, सुधारेल. सगळी दारं हिंडून पोरगी पुन्हा घरी. पुढच्या खेपेला येताना ती बापाच्या खांद्यावरून यायची.

तू या वाटेला लागलीस ती अशाच एका मुलीपायी. माझ्या आधीची गोष्ट. तिच्या केसपेपरवर कुणीतरी मानसिक म्हणून लिहिलं, आणि तसं लिहिलेल्या माणसाला आपल्याकडे खाट नव्हती. दूरच्या मोठ्या मनोरुग्णालयात तिला आगगाडीनं पोचवायचं काम तुझ्यावर आलं. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा तू चहा घेतलास. तिला विचारलंस, ती नको म्हणाली, तू प्यालीस. तिथून ती परत आली नाही. तिथल्या माणसांना तू कधी दोष दिला नाहीस, पोचेपर्यंत पोरीत काही उरलंच नव्हतं म्हणायचीस. पण तिचं नावही तू कधी घेतलं नाहीस. फक्त मला म्हणायचीस, "तुज्या कुर्डुवाडीचा च्या अजून घशात हाय बग माज्या."

त्यानंतर तू वॉर्डाचा मागचा व्हरांडा झाडून घेतलास. मोडक्या खाटा, फिनेलचे डबे, फाटक्या गाद्या सगळं एका बाजूला लोटलंस. अशी एखादी मुलगी आली की तिच्या केसपेपरवर 'अशक्तपणा, तपासणी चालू' एवढंच राहील हे तू बघायचीस. दुपारच्या जेवणाच्या बादल्या वॉर्डात फिरून गेल्या की तू तिला व्हरांड्यात न्यायचीस, चादर अंथरायचीस, दोन ताटं मांडायचीस. दोन्हींत सारखंच वाढलेलं. आणि पाठ करून जेवायला बसायचीस.

कडक भाकरी का, हे मला फार उशिरा समजलं. मला वाटायचं आवड असेल. एकदा मी विचारलं की पाठ करून बसतेस तर पोरीनं खाल्लं की नाही हे तुला कळतं कसं. तू म्हणालीस, "कान हायत की मला." मऊ भाकरी मुकाट्यानं तुटते. कडक भाकरी मोडली की आवाज होतो. तू तुझी मोडायचीस आणि थांबायचीस, गोष्ट सांगत राहायचीस, आणि मागे एखाद दिवशी बारीकसा आवाज व्हायचा. तरी तू वळून बघायची नाहीस.

नागमणी आली ती दुष्काळात. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराची मुलगी, घरात तेलुगू बोलणारी. बाप घरच्या मागावर चादरी विणतो, भाऊ सायकलवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो. खाऊनपिऊन सुखी म्हणता येईल असं घर. पोरीनं आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. उपासाच्या बाईला कोण अडवणार? अडवलं तर पाप अडवणाऱ्याला. आई चार बायकांत कौतुकानं सांगायची की आमची पोरगी देवाची आहे. मग उपासाचं फराळही सुटलं. मधले वार उरले त्यांतही तिला कसलं ना कसलं व्रत निघायचं. केस गळायला लागले, अंगावर बारीक लव आली, पाळी थांबली. तेव्हा कुठे आई तिला घेऊन आली, आणि तीसुद्धा, बाई, पोरीचं लग्न ठरायचंय हो, म्हणून.

मी माझ्या कामाप्रमाणे प्रश्न विचारले. घरात कोण काय बोललं, कुणी मारलं का, कशाची भीती वाटते. ती एकच उत्तर द्यायची, "वद्दु." त्यांच्या भाषेत नको. माझे प्रश्न तिला ताटासारखेच वाटत असावेत. तू तिला काही विचारलं नाहीस. तिला आमटीचा वास नको होता म्हणून तुझ्याही ताटातून तू आमटी काढून टाकलीस, एवढंच.

ते साल कसलं होतं हे तुला काय सांगू. दुष्काळी कामावरच्या बाया सुजलेल्या पायांची पोरं घेऊन यायच्या. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये सतरंजीवर रोगी. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, त्यांना ना चव ना चिकटपणा, पण लोक त्यासाठी रांगा लावत होते. आणि त्या दिवसांत व्हरांड्यातून नागमणीचं भरलेलं ताट तसंच परत जायचं. झाकून ठेवलेलं अन्न संध्याकाळपर्यंत आंबायचं, मग टाकावं लागायचं. सांगोल्याकडची ती मेंढपाळाची बाई आठवते? तिच्या पोराला आपल्याकडे ठेवलं होतं. तिनं वॉर्डातल्या आयाबाईला ते ताट बादलीत रिकामं करताना पाहिलं आणि वॉर्ड डोक्यावर घेतला. आमच्या लेकराच्या तोंडाला न्हाय आन हिचे लाड चालल्यात. सगळ्या बाया तिच्या बाजूच्या. खरं सांगते, मीही तिच्याच बाजूची होते.

तू तिच्यासमोर खाली बसलीस आणि म्हणालीस, "तुजं लेकरू भुकंनं मरतंय. हिची भूकच मेलीय. मला दोगं बी जगवायचीत. तुला कुटलं एक टाकू वाटतं, सांग."

त्या बाईनं भांडण सोडलं. पटलं म्हणून नव्हे. तुझा हात तिच्या पोराच्या पायावर होता म्हणून. तिचं पोर पुढे वाचलं. ते तू सगळ्यांना सांगत फिरायचीस.

मोठे डॉक्टर तरी काय वाईट होते? त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की या दुखण्यावर माझ्या पुस्तकात अर्धं पान आहे, आणि ते वाचून माझ्या हाताला काही लागत नाही. बाहेर उपाशी जिल्हा पडलेला असताना घरात धान्य असून न जेवणाऱ्या मुलीला मी कुठल्या तोंडानं खाट मागू? सिस्टर सांभाळतात तोवर सांभाळू द्या. ते सही करायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. हे असं चाललं होतं आपलं. एवढ्या मोठ्या जिल्ह्याची या दुखण्यावरची सगळी सोय म्हणजे एक व्हरांडा आणि तू.

मी तेच तर म्हणत होते. त्यावरूनच आपलं भांडण होतं आणि ते आपण एकदाही धडपणे संपवलं नाही. मी म्हणायचे की या दुखण्याला नाव देऊ, डॉक्टरांकडून लिहून घेऊ, वर अर्ज करू, दोन खाटा हक्कानं मागू, एका नर्सला शिकवू. तू म्हणायचीस, हात दाखवून अवलक्षण. माझा अर्ज तू वाचूनही बघितला नाहीस. "नाव दिलं की गाडी लागती, इंदे. नाव न्हाय तवर पोरगी हितं हाय." मी म्हणायचे, आणि तू नसशील तेव्हा? तेव्हा तू हसायचीस आणि म्हणायचीस की मी कुठं मरतीय एवढ्यात, पेन्शन खाऊन तुम्हाला छळणार आहे. तुला वाटायचं मी कागदांची गुलाम आहे. मला वाटायचं तुला एकटीच्या जिवावर चालवायची घमेंड आहे. दोघी थोड्याबहुत खऱ्याच होतो. कधीकधी चार-चार दिवस बोलत नसू, आणि मग तू येऊन म्हणायचीस, चल चहा पाज, रागाला तरी सुट्टी दे.

पाऊस पडून गेला, गावं पुन्हा शेताला लागली, वॉर्ड जरा मोकळा झाला. नागमणी अजून होतीच. केसपेपरवर तपासणी चालूच होती. मी एकदा कसलासा कागद शोधत व्हरांड्यात आले. तू पाठ करून बसली होतीस, म्हशीची गोष्ट चालली होती, तीच, बाशिंगाची. आणि मागे आवाज झाला. बारीक, वाळकी काडी मोडावी तसा. तुझा हात ताटात तसाच थांबला. तू गोष्ट थांबवली नाहीस, पण तुझे डोळे भरलेले मी समोरून पाहिले. तू मला मानेनं खुणावलंस, जा म्हणून. पुढे रोज तो आवाज व्हायला लागला. एक तुकडा, कधी दोन. पोरीच्या गालावर रंग आला असं मला वाटायचं. तू म्हणायचीस, नजर लावू नको.

मग तुला कावीळ झाली. सरळ वरच्या मजल्यावर, स्टाफच्या खोलीत. नागमणीला सांगितलं की सिस्टर गावी गेल्यात. तुझ्या जागी आलेली सिस्टर गुणाची मुलगी आहे, तिनं काहीही चूक केली नाही. तिनं ताट वाढलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, खा गं बाळ. झालं. भाकरी मोडायची थांबली. मी तुझ्या खाटेपाशी आणि व्हरांड्यात अशी वरखाली करत होते. एकीकडे तू भिंतीकडे तोंड केलेलं, दुसरीकडे ती. तुला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू उठून बसली असतीस, आणि तेच मला नको होतं.

तू गेलीस, महादेव तुला ट्रकमधून करकंबला घेऊन गेला, आणि मला त्या हॉस्पिटलच्या आवारात पाय ठेववेना. मी कुर्डुवाडीला गेले, तिथूनच तुझ्या दहाव्याला आले. परतल्यावर व्हरांड्यात गेले तर चादर नव्हती. नागमणीची खाट भरलेली, दुसरीच कुणी म्हातारी. राउंडवर आलेल्या नव्या डॉक्टरनं केसपेपर पाहिला होता. अशक्तपणा, तपासणी चालू. तपासण्या तर केव्हाच संपल्या होत्या, काही निघालं नव्हतं. त्यानं घरी सोडायचं लिहिलं, आणि बाप येऊन घेऊन गेला. कुणाशी भांडू? कागदावर जे होतं त्याप्रमाणे सगळं बरोबरच होतं. मोठे डॉक्टर हळहळले. म्हणाले, सिस्टर होत्या म्हणून चाललं, मी आता तिला कशासाठी दाखल करून घेतलं असं लिहू?

म्हणजे वाद मी जिंकले, ताई. तू नसशील तेव्हा काय, याचं उत्तर तू मरून दिलंस. तुझ्या नावानं बोटं मोडावीत इतका राग आला मला. एका कुणाला तरी शिकवलं असतंस. मला शिकवलं असतंस. अर्ज मी पुन्हा लिहिलाय, दुखण्याचं नाव घालून, दोन खाटा मागून. मोठे डॉक्टर सही करतो म्हणाले. सोमवारी टपालात टाकेन. तो कुठे पोचेल, कुणाच्या टेबलावर पडून राहील आणि उद्या त्याच नावामुळे कुठल्या पोरीला गाडीत बसवतील, ते मला माहीत नाही. तू रागावशील. रागाव.

पण त्याआधी आज दुपारी मी नागमणीच्या घरी गेले होते. ते सांगायला खरं हे लिहायला बसले.

पुढच्या खोलीत माग, मागे चूल, मधे ती. भिंतीला टेकून बसली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आई मला बघून लगबगीनं म्हणाली, आज शनिवार आहे ना बाई, उपास आहे तिचा. मी म्हटलं, असू दे. मी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी पिशवीतून नेली होती. दोन ताटल्या मागून घेतल्या. बापानं पाहुणी आली म्हणून माग थांबवला आणि घर एकदम शांत झालं. आई ताटल्या देतादेताच सुरू झाली, नागु, बाई एवढ्या लांबून आल्या, त्यांच्यासाठी तरी एक घास. मी आईला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं. मग आत येऊन दोन्ही ताटल्या वाढल्या आणि तुझ्यासारखी पाठ करून बसले.

पाठ करून बसणं किती अवघड आहे हे मला माहीत नव्हतं. कान मागे लागलेले. मानेला कुणीतरी धरून वळवतंय असं वाटत होतं. गोष्ट कुठली सांगू? म्हशीची गोष्ट तुझी, ती माझ्या तोंडून निघेना.

तिनंच विचारलं. "बाई, अक्का गावी नाही गेल्या ना?"

तिला कुणीही सांगितलं नव्हतं. आमच्या सगळ्या शहाण्या माणसांत एकालाही ते सुचलं नव्हतं. मी पाठ न वळवताच सांगितलं की अक्का गेल्या, कावीळ झाली होती, आता येणार नाहीत. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मग आता मी कुणासमोर जेवायचं नाही?"

मी भाकरी मोडायला हातात घेतली होती. वर्षभर मी समजत होते की तू तिला जेवायला घालतेस. तिला न जेवता बसायलाही तुझ्याखेरीज दुसरी जागा नव्हती, हे मला आज कळलं. ओढ्याकाठी आलं नाही ते रडू तिथे आलं. भाकरी हातात तशीच. मोडता येईना, खाली ठेवता येईना. मी नियम मोडला आणि मागे वळून पाहिलं. तिची ताटली जशीच्या तशी होती. ती माझ्याकडेच बघत होती, माझ्या ताटलीकडे, माझ्या न मोडलेल्या भाकरीकडे.

मग ती भिंतीचा आधार घेत सावकाश वळली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. ती जे मराठी बोलली तसं तिच्या घरात कुणी बोलत नाही, तो हेल करकंबचा होता, तुझाच.

"जेवा बाई," ती म्हणाली. "मी न्हाय बगत."

मी जेवले, ताई. माग बंद होता, खोलीत एकाच भाकरीचा आवाज होत होता.